शिवनेरीचं शिवसुमन आणि पुण्यातल्या कुंड्या: एका रद्द झालेल्या लागवडीचं प्रकरण

पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपने शिवजयंतीला शिवनेरीच्या कड्यावर शिवसुमनाची रोपं लावायचं ठरवलं होतं, रोपं तयार होती, टी-शर्टसुद्धा छापून झाले होते, आणि मग तो कार्यक्रम रद्द झाला. त्यावरून बरीच चर्चा झाली, कुणी म्हणालं लोकांना काही करूच देत नाहीत, कुणी म्हणालं सरकारी अडवणूक आहे, तर तसं काही नव्हतं. मी त्या मीटिंगांना होते, वनस्पतीशास्त्र शिकलेली म्हणून मला बोलावलं होतं, आणि रद्द करा असं सांगणाऱ्यांत मीपण होते. म्हणून सगळं प्रकरण नीट लिहून ठेवतेय, कारण हाच प्रश्न दुसऱ्या कुठल्या ग्रुपपुढे, दुसऱ्या कुठल्या झाडाच्या बाबतीत पुन्हा येणार हे नक्की.

आधी झाड कोणतं ते सांगते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, जुन्नरकडचे लोक शिंदळ माकुडी म्हणतात, आणि अलीकडे शिवसुमन हे नाव जास्त चालतं. रुईच्या कुळातलं आहे. निकोलस डॅलझेल नावाचा स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञ मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होता, त्याने १८६४-६५ च्या सुमारास याचं वर्णन छापलं, जुन्नरच्या डोंगरातल्या नमुन्यावरून, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. जुन्नर भागात तेव्हा वनस्पतींचं बरंच काम चालू होतं, आपल्या दापोडीला जी सरकारी वनस्पती बाग होती तिची एक शाखा जुन्नरजवळ हिवऱ्याला होती, म्हणजे या झाडाची आणि पुण्याची ओळख दीडशे वर्षांहून जुनी आहे. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला आधी कॅरलूमा आणि नंतर बौसेरोसिया या वनस्पतींच्या गटात टाकलं, त्यामुळे काही याद्यांत ते कॅरलूमा फ्रेरी किंवा बौसेरोसिया फ्रेरी म्हणून सापडतं. याद्या बघताना तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर नोंदच नाही असं वाटून जाईल.

हे झाड वाढतं कुठे, तर बसॉल्टच्या सरळ कड्यावर. फटीत चिमूटभर माती असते तेवढ्यात मूळ धरतं आणि बोटाएवढ्या जाड राखाडी-हिरव्या फांद्या खाली लोंबत राहतात. पावसाळ्यात त्यांना मांसल लंबगोल पानं येतात आणि पाऊस संपून कोरडं पडायला लागलं की ती गळतात, मग उन्हाळाभर नुसतं खोड. आता खोडात पाणी साठवणारी या गटातली जी भावंडं आहेत त्यांना बहुतेक नावापुरतीच पानं असतात, हे एकटंच खरी पानं धरतं, आणि त्यामागची गंमत १९७७ मध्ये लांगे आणि झुबर या दोन जर्मन संशोधकांनी दाखवली. पानं नेहमीच्या झाडासारखी दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि खोड रात्री रंध्रं उघडून तो घेतं, साठवतं, दिवसा रंध्रं बंद ठेवून वापरतं, म्हणजे पाणी उडून जात नाही. एकाच झाडात दोन पद्धती, पावसाळ्याची वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी. सह्याद्रीच्या कड्यावर चार महिने पाणी कोसळतं आणि आठ महिने खडक तापतो, त्यासाठी याहून नेमकी तयारी मला तरी दुसऱ्या कुठल्या झाडात माहीत नाही.

फूल पाच पाकळ्यांचं, ताऱ्यासारखं, गडद लालसर-जांभळं, त्यावर पिवळसर ठिपके. जवळ नाक नेलं तर किंचित सडका वास येतो, तो माश्यांसाठी. मी एकदा कुंडीतल्या फुलावर भिंग धरून बघत बसले होते. माशी मधोमध उतरते, चाचपडते, आणि फुलाच्या मध्यभागी ज्या बारीक उभ्या खाचा असतात त्यातल्या एकीत तिचा अवयव अडकतो. ती जोर लावून निघते तेव्हा परागांचा पुंजका, दोन-दोनच्या जोडीने, चिमट्यासकट तिला चिकटून येतो. आता हीच माशी दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाऊन बरोब्बर तसल्याच खाचेत तो पुंजका बसवेल तर बी धरणार. एवढं सगळं जुळून आलं तर शेंगांची जोडी येते, ती उकलते, आणि रुईच्या म्हातारीसारखे रेशमी तंतू असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात, त्यातली एखादी परत कड्याच्या फटीत पडायला हवी, दगडावर नाही, गवतात नाही, फटीत. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

आता ग्रुपकडे रोपं आली कुठून? तर याच झाडाची दुसरी बाजू अशी की कुंडीत ते अतिशय सोपं आहे. फांदी तोडा, कापलेली जागा सावलीत चार दिवस सुकू द्या, वाळू-खडीच्या मिश्रणात खोचा, पाणी बेताने द्या, लागतं. जास्त पाणी घातलं तरच सडतं. सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारी मांसल झाडं, वाढवणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांकडे ते आहे, पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंध, कुठेही कुणाच्या तरी गॅलरीत सापडेल. ग्रुपमधल्या एका काकांनी, रिटायर्ड इंजिनिअर, अतिशय मनापासून काम करणारा माणूस, वर्षानुवर्षं फांद्या लावून लावून गच्चीवर रांगा केल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, झाड धोक्यात आहे म्हणता ना? माझ्याकडे रोपं आहेत, पोरं दोर घेऊन कड्यावर उतरतात, मग अडचण काय आहे? लावून टाकू."

आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना यात चूक काय हे चटकन दिसत नाही. म्हणून मी पहिल्या मीटिंगला नाही म्हटलं नाही, एवढंच म्हटलं की हे झाड धोक्यात आहे असं आपण म्हणतो ते नक्की कशाच्या आधारावर, ते आधी बघू.

जुना आधार पक्का आहे. आययूसीएन, म्हणजे जागतिक निसर्ग संवर्धन संघटना, तिने १९७८ मध्ये वनस्पतींचं रेड डेटा बुक, म्हणजे धोक्यातल्या वनस्पतींची नोंदवही, काढलं, जगभरातल्या फक्त २५० वनस्पती त्यात होत्या, त्यात आपलं हे झाड होतं. जगातल्या सर्वात धोक्यातल्या १२ वनस्पतींपैकी एक अशीही त्याची ओळख सांगितली जाते आणि भाषणांत, बोर्डांवर तेच वाक्य फिरत असतं. पण ती जुनी पद्धत होती, तज्ज्ञांचं मत आणि अनुभव यावर चालणारी. १९९४ पासून आययूसीएनने आकड्यांचे निकष आणले आणि २००१ मध्ये ते सुधारले, तेच आज वापरतात. आता कुणी नुसतं दुर्मिळ म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं.

मग आम्ही ते गणित करायला बसलो, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात खरा फरक तिथे पडला. झाडाच्या माहीत असलेल्या ठिकाणांपैकी चार मोठी घेतली, शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड आणि महाबळेश्वर. नकाशावर चारही बिंदू जोडले की आतलं क्षेत्र ढोबळ मानाने ३,००० चौरस किलोमीटर येतं. निकष सांगतो की ५,००० च्या आत असेल तर 'संकटग्रस्त' या गटाचा विचार होऊ शकतो, १०० च्या आत असेल तर त्याच्या वरच्या, 'अतिसंकटग्रस्त' गटाचा. दुसरं माप असं की नकाशावर २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि झाड ज्या चौकोनांत आहे तेवढेच मोजायचे. एक चौकोन ४ चौरस किलोमीटरचा, चार ठिकाणी एकेक-दोनदोन चौकोन धरले तर १६ ते ३२ चौरस किलोमीटर. इथे मर्यादा ५०० आणि १० अशा आहेत, म्हणजे पुन्हा 'संकटग्रस्त' हाच गट. हे फक्त चार ठिकाणांपुरतं कागदावरचं गणित आहे, बाकीच्या जागा धरल्या तर आकडे वाढतील, आणि हे काही अधिकृत मूल्यांकन नाही हे तेव्हाही सगळ्यांना सांगितलं आणि इथेही सांगते. पण पुढची गोष्ट महत्त्वाची.

नुसतं क्षेत्र कमी असून भागत नाही. त्याच्याबरोबर तीनपैकी दोन अटी लागतात. झाडाच्या वस्त्या विखुरलेल्या किंवा मोजक्याच ठिकाणी असणं ही एक, संकटग्रस्तसाठी ५ किंवा त्याहून कमी. सतत घट होत असणं ही दुसरी. संख्येत प्रचंड चढउतार ही तिसरी. आता चढउतार या झाडात होण्यासारखे नाहीत, कडा वर्षानुवर्षं तोच. म्हणजे उरल्या दोन, आणि त्यातली घट दाखवायची तर त्याच कड्यावर परतपरत जाऊन मोजलेलं हवं. निकषात घटीचा अंदाज बांधायलाही परवानगी आहे, पण अंदाजाला काहीतरी पाया लागतो. ग्रुपमधली मंडळी इतकी वर्षं शिवनेरीला जातायत, एकाने तरी सलग दोन पावसाळे एकाच जागेवरची झाडं मोजलीयत का असं मी विचारलं, तर नव्हती.

आणि मग कुंड्यांचा मुद्दा. आययूसीएनच्या हिशोबात कुंडीतलं झाड शून्य धरतात. फक्त रानातली मोजायची. बरं, रानात नेऊन लावली तर? तीही लगेच मोजत नाहीत. पुन्हा रानात लावलेल्या झाडाने स्वतः जगण्यालायक संतती दिली तरच ते झाड प्रौढ म्हणून मोजलं जातं. हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी पाचशे लावली आणि पाचशे जगली तरी बी धरून खाली पोर उगवलं नाही तर काहीच झालं नाही?" हो, तसंच. आणि मला तो नियम अगदी बरोबर वाटतो, कारण माशी, पुंजका, शेंग, वारा, फट ही जी साखळी वर लिहिली ती चालू आहे का हाच प्रश्न आहे. फांद्या लोंबकळतायत यावरून ते कळत नाही, कड्यावरचं झाड खूप वर्षं जगतं, म्हातारी झाडं दिमाखात उभी असतील आणि खाली एकही नवं रोप नसेल असंही होऊ शकतं.

त्यात काकांची सगळी रोपं एकाच फांदीची. मूळ फांदी त्यांना एका मित्राने दिली होती, मित्राला कुठल्याशा नर्सरीतून मिळाली होती, नर्सरीत ती कुठून आली याचा पत्ता नाही. एका आधार कार्डाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या म्हणून माणसं पन्नास होत नाहीत, तसंच हे, जनुकीय दृष्टीने ते सगळं एकच झाड. ते शिवनेरीवर लावलं आणि त्याला फुलं आली तर तिथल्या मूळ झाडांचे पराग याच्यावर आणि याचे त्यांच्यावर जाणार. ते मुळात सज्जनगडकडचं असेल तर? शिवनेरीचा कडा आणि सज्जनगडचा कडा यांत हवेतलं अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे, पाऊस वेगळा, ऊन वेगळं, आणि दोन्हीकडची झाडं किती काळ वेगवेगळी वाढलीयत हे तपासल्याशिवाय मिसळून टाकायचं म्हणजे जे जपायचं तेच पुसायचं. बियांपासून केलेलं रोप असेल तर आणखी एक काळजी, शेजारच्या कुंडीत त्याच्या नात्यातलं दुसरं झाड असेल तर संकर झालाय का ते बघून ओळखता येत नाही. शिवाय कुंडीच्या मातीबरोबर मिलीबग नावाची पांढरी कीड, बुरशी, सूत्रकृमी. पुण्यातल्या कुठल्याही गच्चीवर मिलीबग आहेच, आणि तो कड्यावरच्या फटीत एकदा शिरला की फवारा मारायला कोण जाणार आहे.

तारीखही चुकीची होती, हे थोडक्यात. १९ फेब्रुवारीला झाड पानं टाकून बसलेलं असतं, पुढे तीन-साडेतीन महिने पाऊस नाही, नव्या मुळाला कड्यावर ओल मिळणार नाही. त्या दिवशी गडावर पाय ठेवायला जागा नसते, दोर लावून उतरणं म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर दगड. आणि शिवनेरी केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही खणता-लावता येत नाही, खालचा उतार वनखात्याचा. परवानगीचा अर्ज कुणी केलाच नव्हता. पण मला हे मुद्दाम सांगायचंय की परवानगी मिळाली असती तरी मी नकोच म्हटलं असतं.

दुसऱ्या मीटिंगला काकांनी जो प्रश्न विचारला तो मात्र खरा जड होता. "मग कड्यावरचं शेवटचं झाड जाईपर्यंत नुसतं मोजत बसायचं का?" याचं उत्तर नाही असंच आहे. परत लावणं हे वाईट काम नाही, त्यासाठी आययूसीएनचे २०१३ चे मार्गदर्शक नियम आहेत, आणि या झाडाची रोपं टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून, करण्याच्या पद्धतीही आपल्याकडच्या संशोधकांनी बसवल्यात. पण क्रम असा की आधी झाड कमी का झालं ते शोधायचं, ते कारण थांबवायचं, मग त्याच कड्यावरच्या वेगवेगळ्या झाडांपासून, कुठलं रोप कुणाचं याची नोंद ठेवून रोपं करायची, आणि लावल्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. कारण न थांबवता लावलं तर ज्याने जुनं गेलं त्यानेच नवंही जाणार.

कारणं कोणती? गडावर जाणाऱ्या कुणालाही ती दिसतात. उन्हाळ्यात लागणारे, बरेचदा लावलेले, वणवे, गवत पेटलं की झळ कड्याच्या पायथ्याच्या फटींपर्यंत जाते. शेळ्या, माणूस पोचत नाही अशा कपारीत पोचतात. दरडी. फांदी तोडून नेणारे हौशी लोक, आणि ते आपल्यातलेच असतात, कुंडीत लागतं हे माहीत असल्यामुळेच तोडतात. आणि एक नाजूक गोष्ट, दुर्गसंवर्धनाची मोहीम. तटबंदीत शिरलेला पिंपळ-उंबर काढावाच लागतो, तो चिरे फोडतो, त्याबद्दल वाद नाही, पण साफसफाईच्या जोरात तटाखालच्या कड्यावरचं जे हाताला येईल ते उपटलं जातं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं नसलेली शिंदळ माकुडी ही वाळकी काडीच वाटते, निवडुंगाच्या जाळीत तर दिसतही नाही. ज्यांना गड जिवापाड प्रिय आहे त्यांच्याच हातून हे होतं याचं मला फार वाईट वाटतं, आणि थांबवायला सगळ्यात सोपं कारणही हेच आहे, कारण ही माणसं ऐकतात.

तर शेवटी ठरलं ते असं. लागवड रद्द. शिवजयंतीला गडावर जायचं ते दर्शनाला. त्या आठवड्यात दुर्गसंवर्धन करणाऱ्या दोन ग्रुपबरोबर एक बैठक झाली, त्यात झाडाचे पानांसकट आणि पानांशिवायचे फोटो दाखवले, आणि त्यांनी तटाखालच्या कड्याला हात न लावायचं कबूल केलं. वणव्यासाठी वनखात्याच्या स्थानिक ऑफिसला पत्र दिलं, पाऊस संपल्यावर गवत वाळायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढताना ग्रुपची पोरं मदतीला येतील असं लिहून.

आणि मोजणी. पाऊस ओसरल्यावर, पानं आणि फुलं असताना, ठरलेल्या वाटेवरच्या ठरलेल्या जागांवरून दुर्बिणीने आणि लांब लेन्सच्या कॅमेऱ्याने कड्याचे तेच तेच पट्टे टिपायचे. दोर नाही, चढणं नाही, हात लावणं नाही. फोटोतून किती झुडपं, किती फुललेली, किती शेंगा धरलेली, हे तीन आकडे. कड्याची बाजू कुठली ते मी इथे लिहीत नाही आणि ग्रुपनेही फोटोंचं लोकेशन बंद ठेवायचं ठरवलंय, एक रील व्हायरल झाली की फांदी तोडणारे पोचायला दोन रविवार पुरतात. पहिल्या फेरीचे फोटो बघून एक अडचण लगेच लक्षात आली, दोन-तीन फांद्या एका फटीतून आल्या तर ते एक झाड की तीन? नियम असा आहे की स्वतंत्रपणे जगू शकेल तो प्रत्येक भाग मोजायचा, पण दुर्बिणीतून ते ठरवता येत नाही, म्हणून आम्ही 'एका फटीतलं एक' असं धरलं आणि तसं फॉर्मवर सगळ्यात वर लिहिलं, म्हणजे पुढच्या वर्षी मोजणारा वेगळा असला तरी मोजणी तीच राहील.

काकांच्या गच्चीवरची रोपं तिथेच आहेत. प्रत्येक कुंडीला त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी लावलीय, 'मूळ ठिकाण अज्ञात' असं कोरून, आणि आता कुणी फांदी मागायला आलं की ते देतात, बरोबर तीच पट्टी देतात आणि रानात लावायची नाही असं वदवून घेतात. मला हे काम लहान वाटत नाही. कड्यावरचं तोडायची गरज पडू नये एवढं शिवसुमन शहरात असणं याचा उपयोग आहेच. मूळ ठिकाण माहीत असलेलं रोप कुणाकडे असेल तर ते मात्र वेगळं, ते कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणी दाखवून नोंद करून ठेवलं पाहिजे.

नवी रोपं आहेत की नाहीत हे मात्र अजून कळलेलं नाही. बोटाच्या पेराएवढं रोप खालून दिसत नाही, त्यासाठी कुणीतरी प्रशिक्षित माणसाने परवानगीने दोरावरून उतरून फटी तपासायला हव्यात, आणि उतरताना पाय कुठे ठेवायचा हे झाड ओळखणाऱ्यानेच ठरवायला हवं. त्याचा अर्ज आता तयार होतोय, पुरातत्त्व खातं आणि वनखातं दोघांकडे, ग्रुपमधली जी पोरं आधी रोपं लावायला उतरणार होती त्यांचीच नावं त्यात आहेत.